रीनाचे सतरा खडे

७ ऑक्टोबर, मंगळवार

सतरा! एक नाही, दोन नाही – सतरा खडे निघाले रीनाच्या पित्ताशयातून. नर्सने डबी माझ्याच हातात दिली, कारण मंगेशभाऊजींना बघूनच घेरी आली. पोट बायकोचं, घेरी नवऱ्याला! मी डबी खिडकीच्या उजेडात धरून मोजले. काळेभोर, मिरीच्या दाण्याएवढे, काही मोहरीएवढे.

माझा एकच होता. तीन वर्षांपूर्वी याच भंडाऱ्यात, पण दुसऱ्या दवाखान्यात माझी पित्ताची पिशवी काढली तेव्हा. पिवळट, चांगला बोराच्या बीएवढा. नर्सने कापसात गुंडाळून दिला होता. आमचे हे, धनंजय, म्हणाले, "फेकून दे ना व, कायले ठेवतं?" घरातल्या एकानेही बघायला मागितला नाही. फेकला नाही मी. ट्रंकेत आहे अजून.

सोबत मला पाठवायचं सासूबाईंनी ठरवलं. "हर्षाले अनुभव हाय." काय पण अनुभव! मोठीचं पोट आधी कापलं गेलं, म्हणून आता तिने धाकट्या जावेच्या उशाशी स्टुलावर बसायचं.

ऑपरेशनआधी तिला रक्ताची बाटली लावली. मला साधं सलाईन होतं. मला दोन दिवसांत घरी काढलं, हिला म्हणे चार-पाच दिवस ठेवणार. चोवीस वर्षांची पोरगी, फुंकर मारली तर उडेल अशी काडी. काय एवढं झालंय तिला?

८ ऑक्टोबर, बुधवार

सासूबाई गावाहून, अड्याळहून, पहिल्या बसने आल्या. मऊ भात, मुगाचं पातळ वरण, पिशवीत चार डाळिंबं. माझ्या वेळेला बिस्किटाचा पुडा आला होता. तोही अर्धा गुंजननेच खाल्ला – माझी पोरगी, तेव्हा नऊ वर्षांची. तिला काय बोलणार.

सासूबाईंनी दाणे सोलून एकेक रीनाच्या तोंडात घातला. मला म्हणाल्या, "तू खाल्लं का?" उत्तराची वाट नाही पाहिली.

११ ऑक्टोबर, शनिवार

आलो घरी. डबी टीव्हीच्या शोकेसमध्ये विराजमान झाली आहे. गुंजनला चित्रकलेत मिळालेली ढाल होती तिथे, ती मागे सरकवली.

दिवसभर माणसांची रीघ. शेजारच्या पुष्पाबाई दोनदा आल्या – एकदा बघायला, एकदा सुनेला दाखवायला. डबी हलवायची, खडखड ऐकायची, "बाप्पा! इतके!" म्हणायचं, रीनाच्या डोक्यावरून हात फिरवायचा. चहा कोण करतं? मी. सकाळपासून सात वेळा.

आणि मग पुष्पाबाईंनी विचारलं, "इतक्या लहान पोरीले खडे झालेच काहून?"

सासूबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तांदळातले असन. घरात तांदूळ धड निवडून होत नाही. खडे पोटात जाऊन राहिले, तं मंग होते असं."

माझ्या हातातला ट्रे तसाच. घरात तांदूळ कोण निवडतं? मी! चौदा वर्षं मी. रीना लग्न होऊन आली त्याला दोन वर्षं झाली, सुपाला हात लावला नाही तिने. निम्मा गाव डांबरी रस्त्यावर धान मळतो, मग तांदळात गार-खडा येणार नाही तर काय होणार? तरी आमच्या ताटात कचकन दाताखाली आलं असं एकदा झालं असेल तर शपथ. पाखडायचा, पसरायचा, निवडायचा, परत पाखडायचा. माझ्या तांदळाला नाव!

पुष्पाबाईंनी मान डोलावली. उद्यापर्यंत अख्ख्या अड्याळला कळेल.

रीना पलंगावर बसून होती. एक शब्द बोलली नाही. निदान 'ताई नीट निवडतात' एवढं तरी?

१२ ऑक्टोबर, रविवार

चार पायली तांदूळ निवडला. एक खडा नाही. सूप मुद्दाम सासूबाईंच्या पायाशी नेऊन ठेवलं. त्यांनी ते ओलांडलं आणि रीनाला पाणी नेऊन दिलं. दर तासाला पाणी! राणीसाहेबांच्या तोंडाशी तांब्या.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

टाके काढायचे होते. मीच म्हणाले, मी नेते. धनंजयना आश्चर्य वाटलं. "तुले काहून इतकी हौस?" हौस नव्हती, काम होतं. डॉक्टरांच्या तोंडून ऐकायचं होतं.

रीना आत ड्रेसिंगला गेली आणि मी सरळ विचारलं, डॉक्टर, भातातले खडे पित्ताशयात जातात का?

हसले. चांगले मोठ्याने हसले, मग माझं तोंड बघून थांबले. बिचाऱ्यांनी कागद ओढला आणि चित्र काढून सांगितलं. जेवणातला खडा पोटात जातो आणि पोटातून बाहेर पडतो. पित्ताशयाकडे जायला त्याला वाटच नाही. पित्त यकृत तयार करतं. आपण उपाशी असतो तेव्हा ते त्या पिशवीत साठतं, आटतं, घट्ट होतं. त्यात चरबी जास्त झाली की ती विरघळून राहत नाही. थंडीत वरणावर तूप थिजतं ना, तसं. आधी बारीक कण धरतो, कणावर थर, थरावर थर. वर्षं जातात. तो पिवळा खडा.

"माझा पिवळा होता," मी म्हणाले.

"असणारच. जरा स्थूल बायका, चाळिशीकडे आलेल्या, मुलंबाळं झालेल्या – त्यांच्यात हेच जास्त दिसतात."

मेला! मी छत्तीसची आहे.

"मग हिचे काळे का?"

"ते चरबीचे नाहीत. रक्ताचे." मग सांगितलं ते असं – रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण चार महिने जगतात. काही माणसांच्या पंधरा-वीस दिवसांतच फुटतात. फुटलेल्या पेशींतला रंग यकृतातून पित्तात उतरतो. इतका उतरतो की पित्तात मावत नाही. कॅल्शियमशी मिळून त्याचे काळे खडे होतात. अशा माणसांना लहान वयातसुद्धा होतात, वजन काडीएवढं असलं तरी.

"आणि पेशी का फुटतात?"

डॉक्टरांनी रीनाची फाइल उघडली, माझ्याकडे पाहिलं, फाइल मिटली. "ते मी नाही सांगणार. त्यांचं त्यांना विचारा."

मी कशाला विचारू? बाहेर बाकावर बसले आणि समोर भिंतीवरच लिहिलेलं होतं. सिकलसेलचं पोस्टर! आपल्या जिल्ह्यात कोणत्या दवाखान्यात नाही ते? शंभरदा बघितलं असेल, आज पहिल्यांदा वाचलं. 'पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात व लवकर फुटतात.' खाली एका मुलीचं चित्र, डोळे पिवळट. रीनाचे असतात तसेच. मला वाटायचं उठल्यावर तोंड धड धूत नाही.

रीना बाहेर आली. "चला ताई. काय म्हणलं डॉक्टरनं?"

"काही नाही," मी म्हटलं.

परतीच्या बसमध्ये ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. मी खिडकीबाहेर बघत होते आणि रागाने आतून उकळत होते. फसवून दिली म्हणायची पोरगी! तिच्या माहेरच्या, कोंढ्याच्या त्या भल्या माणसांनी लपवून आमच्या गळ्यात बांधली. आणि सासूबाई हिला डाळिंबं सोलून घालतात!

१५ ऑक्टोबर, बुधवार

खात्री करायला हवी होती. सगळे बाहेर असताना शोकेस उघडून एक खडा घेतला. चोरलाच म्हणायचं. नखाखाली दाबला तर कोळशासारखा चुरा झाला. मग ट्रंकेतून माझा काढला आणि अडकित्त्यात धरून फोडला. जीव थोडा हळहळला. पण काय निघाला आतून! मधोमध एक ठिपका आणि चहूकडे चमकणाऱ्या काड्या, जशी खडीसाखर. खरं सांगते, सुंदर होता. हिच्या सतरांपेक्षा सुंदर. एकाला तरी दाखवायला हवा होता.

डॉक्टर खरं बोलले. माझ्या तांदळात काही खोट नाही. खोट कुणात आहे ते मला ठाऊक आहे.

१८ ऑक्टोबर, शनिवार

सासूबाईंनी खडे मोजले. सोळा! सगळ्या घराची झडती. "मुंगळ्याईनं नेला अशीन," धनंजय म्हणाले. मी चिवडा परतत होते. मान वर केली नाही.

आता एवढंच ठरवायचं आहे – केव्हा बोलायचं. आज बोलले तर कोण ऐकणार? हे आणि भाऊजी. घरातल्या घरात दाबून टाकतील. माझ्यावर ठपका मात्र गावासमोर आला. पुष्पाबाईंच्या सुनेने परवा नळावर हसत विचारलं, "काकू, आता तांदूळ निवडायले चष्मा घेतला का?" गावासमोर आलं ते गावासमोरच पुसलं जायला हवं. २९ला गावची मंडई आहे, दिवाळीनंतरची जत्रा. सिहोऱ्याहून नणंद येईल, पाहुणे येतील, घर भरेल. तेव्हा!

एकदा हे बाहेर आलं की मग बघू रीना या घरात कशी राहते.

२० ऑक्टोबर, सोमवार

नरकचतुर्दशी. पहाटे उठून पाणी तापवलं, उटणं लावलं, सगळ्यांना ओवाळलं. रीनाला उठवलं नाही. "थंडीत नको काढू तिले," सासूबाई म्हणाल्या. ऊन पडल्यावर तिची आंघोळ, तीही गरम पाण्याने. साड्या दोघींना सारख्या आणल्या म्हणे, फक्त रंग वेगळा. तिची डाळिंबी, माझी मातकट. सारख्याच म्हणायच्या.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

भाऊबीज. रीनाचा भाऊ आला, बरोबर तिची आई. सासूबाई आणि ती विहीणबाई अंगणात बाजेवर तासभर बसल्या होत्या, डोक्याला डोकं लावून. मी पाणी घेऊन गेले की गप्प. हसतात काय, डोळे पुसतात काय! माझी आई या अंगणात चौदा वर्षांत कधी बाजेवर बसली आहे? तिला खुर्ची देतात. खुर्ची परक्याला देतात.

मला सासूबाईंचा राग येतो आहे की रीनाचा, कळत नाही. रीनाचाच. ती आली नव्हती तोवर या घरात मी एकटी सून होते. भाजीत मीठ कमी पडलं तरी मला विचारायचे, शेतात किती बायका लावायच्या तेही मला विचारायचे. धान रोवण्याच्या दिवसांत सासूबाई आणि मी सोबत चिखलात असायचो, बांधावर एका डब्यात जेवायचो. आता रोवण्याला मी एकटी जाते, रीनाला चिखलात पाय घालू देत नाहीत. आणि सासूबाई तिच्यासाठी घरी थांबतात. डब्यात भाकरी एकटीची असते. हे कुणाला सांगण्यासारखं आहे का? छत्तीस वर्षांच्या बाईने सासूसाठी रुसायचं!

२८ ऑक्टोबर, मंगळवार

उद्या मंडई. वाक्य तयार केलं आहे. चुलीपुढे हळूच म्हणूनही बघितलं. फार नको. काळे खडे तांदळाचे नसतात, रक्ताचे असतात. विचारा हिला. बस्स.

२९ ऑक्टोबर, बुधवार

बोलले.

३० ऑक्टोबर, गुरुवार

काल एवढंच लिहून वही मिटली, आज लिहिते.

दुपारची वेळ. मैदानात दंडारीचं नाचगाणं चालू होतं, ढोलकी इथवर ऐकू येत होती. ओसरीवर पंधरा-सोळा माणसं. रुखमिणीताई, म्हणजे माझी नणंद, तिच्या खुशबूला घेऊन आली होती. डबी हातोहात फिरत होती. पुष्पाबाईंनी पुन्हा तेच काढलं आणि सासूबाईंनीही तेच सांगितलं. "तांदूळ निवडून नाही होत घरात." सगळ्या पाहुण्यांदेखत! खुशबू खुदकन हसली.

मी चहाची किटली खाली ठेवली आणि म्हणाले. ठरवल्यापेक्षा मोठ्या आवाजात. आणि ठरवल्यापेक्षा जास्तही. "पिवळा खडा चरबीचा असते. काळा रक्ताचा. रक्त सडकं असन तं होते. माह्या तांदळाले नाव ठेवता? हिच्या मायबापानं काय लपवून देल्लं ते विचारा हिले!"

रक्त सडकं. हे मी तयार केलं नव्हतं. कुठून आलं तोंडात!

मग रुखमिणीताई म्हणाली, "म्हणजे... सिकल? आपल्या घरात?" आणि तिने खुशबूला हाताला धरून रीनाजवळून उठवलं. लागट रोग असल्यासारखं.

मला वाटलं होतं सासूबाईंचं तोंड पडेल. त्या तोंडात मारल्यासारख्या रीनाकडे बघतील, मग माझ्याकडे वळतील, मग... पुढचं मी ठरवलंच नव्हतं. त्यांनी फक्त डबी उचलली, झाकण लावलं आणि म्हणाल्या, "चहा थंडा होऊन राहिला. घ्या."

रीना उठून आत गेली. रडली नाही. भिंतीला हात लावत लावत गेली.

दोन आठवडे या क्षणाची वाट बघत होते. चहा मलाच वाटावा लागला.

१ नोव्हेंबर, शनिवार

दोन दिवस कुणी बोललं नाही. आज सासूबाई ओसरीवर सूप घेऊन बसल्या. स्वतः तांदूळ निवडत. मी घ्यायला गेले तर सूप बाजूला ओढलं.

"बस," म्हणाल्या.

बसले.

"तिच्या मायनं लग्नाच्या आधीच सांगतलं होतं मले. कार्ड दाखवलं. मी मंगेशले भंडाऱ्याले नेलं, त्याचं रक्त तपासलं. त्याच्यात नाही निघालं, म्हणजे लेकराईले आजार नाही होत, तवा हो म्हणलं. पोट्टी मले आवडली होती. तिनं काही लपवलं नाही."

"ह्यांना माहीत होतं?"

"धनंजयले बी माहीत हाय."

म्हणजे सगळ्यांना. घरातल्या सगळ्यांना, मी सोडून! "मग मले काहून नाही सांगतलं, आई?"

त्यांनी तांदळातली कणी बोटाने बाजूला केली. "तुले सांगतलं असतं, तं रागात तू बोलली असती."



मग हळू आवाजात म्हणाल्या, "तांदळाचं मीच उठवलं. लोक विचारून राहिले, एवढ्याशा पोरीले खडे काहून. काहीतरी सांगा लागे ना. ते तांदळाचं झटकन पटते लोकाईले. मले वाटलं, हर्षाच्या तांदळाले कोणी खरंच नाव ठेवू शकत नाही. दोन दिस हसतीन, विसरतीन. पोरीचं झाकून जाईन." सूप एकदा हलवून – "तुले दुखलं अशीन. ते माही चूक. पण दोघींतून एकीवर ठेवा लागे. तू दणकट, म्हणून तुह्यावर ठेवलं."

मी उठून आत आले. दणकट! हा मान होता की शिक्षा? आधी मला विचारलं असतं तर? 'हर्षा, एवढं तू सोस' म्हणाल्या असत्या तर? सोसलं असतं मी. ... असतं का?

खरं लिहायचं तर माहीत नाही. आणि हे लिहितानाही मनात काय येतं आहे – माझ्यासाठी या घरात कधी कुणी खोटं बोललं का? रीनासाठी बोलतात. बघ, अजून जात नाही ते.

४ नोव्हेंबर, मंगळवार

पुष्पाबाईंकडे तुळशीचं लग्न. सगळ्यांच्या ओंजळीत प्रसाद दिला, रीनाच्या हातावर वरून टाकला. अर्धा खाली पडला. रीनाने वाकून वेचला.

वाटेत मागून कुणीतरी म्हणालं, "सडकं रक्त हाय म्हणते." माझाच शब्द. गावभर फिरून परत आला.

६ नोव्हेंबर, गुरुवार

रीना माहेरी गेली. मंगेशभाऊजींनी बॅग गाडीला बांधली. मला म्हणाले, "झालं समाधान, वहिनी?" आणि गाडी सुरू केली.

गुंजनने विचारलं, "काकूचं रक्त खरंच सडलं का गं?" तिला मारलं. मग जवळ घेतलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

धान कापणी. शेतात दिवस. घरी आलं की पलंग रिकामा. पाण्याचा तांब्या तसाच भरलेला. सासूबाई सवयीने भरतात आणि तशाच ओततात.

माझ्याच मनासारखं झालं आहे ना? घरात मी एकटी सून. चैन नाही. हेवा करायलासुद्धा घरात माणूस लागतं.

डॉक्टर म्हणाले होते, त्यांचं त्यांना विचारा. इतकं सोपं होतं. विचारलंच नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सासूबाई स्वतः कोंढ्याला जाऊन रीनाला घेऊन आल्या. मी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. ती पाया पडायला वाकली, मी मागे सरले. पाया कुणी कुणाच्या पडायचं!

संध्याकाळी भाजी चिरताना म्हणाली, "ताई, तुम्ही विचारलं असतं तं मी सांगतलं असतं. शपथ. मले वाटे तुम्हाले माहीतच हाय. तुम्ही मले कधी जड उचलू देत नव्हत्या ना."

जड उचलू देत नव्हते, कारण ती काहीच धड उचलत नाही म्हणून चिडून मीच उचलायचे. हे नाही सांगितलं तिला.

"दुखते का गं?" मी विचारलं. चौदा वर्षांच्या संसारात... नाही, दोन वर्षांत तिला पहिल्यांदा.

"हाडं दुखतात. कधी कधी असं दुखते, का वाटते कोणी मुसळानं कांडून राहिलं. पाणी जास्त पेलं, थंडी टाळली, तं कमी असते. पोटातले खडे तं त्याच्यापुढं काहीच नव्हते."

मग शांतपणे कांदा चिरत राहिली. मी रडले ते कांद्यावर ढकललं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

गावची आरोग्यसेविका आशाताई घरी आली. गावात बोभाटा झालाच आहे, तर सगळ्या घराने तपासून घ्या म्हणाली. बोटातून दोन थेंब. काही शंका आली तर पुढे नागपूरला पाठवतात, मग कार्ड मिळतं. सासूबाई म्हणाल्या, "सगळ्याईनं द्या." शेजारच्याही आल्या बघायला.

मीच पहिला हात पुढे केला. आमच्या माहेरी असलं काही नाही, मी म्हणाले, बिनधास्त लिहून घ्या. गुंजन शाळेत होती. तिचं नंतर.

२ डिसेंबर, मंगळवार

मळणी आटोपली. रीनाने आज सूप मागितलं. "शिकवा ना, ताई." शिकवलं. मनगट जास्त हलवते, पण येईल. सासूबाई दोघींच्या मध्ये बसल्या होत्या. त्या एकदा तिच्याकडे कलल्या आणि माझा तोच जुना हेवा जागा झाला. लगेच लाज वाटली. पण झाला खरा.

९ डिसेंबर, मंगळवार

कार्डं आली. रीना आपल्या गोळ्या आणायला दवाखान्यात गेली होती, तिच्याच हाती दिली.

ओसरीवर सगळे. पुष्पाबाईही. सासूबाई – नाही. धनंजय – नाही. माझं पदराखाली धरून ती स्वयंपाकघरात आली आणि माझ्या हातात ठेवलं. माझं नाव, माझं वय, पुढे – वाहक. म्हणजे तेच माझ्याही रक्तात, मला त्रास नाही, पण लेकराला जाऊ शकतं.

बाहेरून पुष्पाबाई. "अन् हर्षाचं काय निघालं?"

"ताईचं साफ हाय," रीना दारातूनच म्हणाली. "मी वाचलं ना."

आवाज जरासुद्धा हलला नाही. तिच्या जागी मी असते तर अंगणात उभं राहून वाचून दाखवलं असतं.

मग तिने चहाचं आधण ठेवलं, माझ्याकडे पाठ करून, आणि हळूच म्हणाली, "गुंजनले सोमवारी तपासायले नेऊ. आपण दोघीच."